टमरेल

गिरीज, १६ फेब्रुवारी

जितेशदादा,

कसा आहेस, हे विचारायची माझी लायकी नाय, तरी विचारतो. तू मला ब्लॉक केलंस म्हणून तुझ्या बहिणीच्याच, रीमाच्या हातात चिठ्ठी देतोय. डाव्या हाताने लिहितोय, कोंबडीने पाय घासल्यासारखं अक्षर आलंय. हस, पण पोटाचे टाके सांभाळून. उजवीकडचं हाड तूच मोडलंस ना.

घरी सगळे बरे. केळी उतरली. आई तुझ्या नावाने रडते, मग उठून मला झाडूने झोडते.

आता हळदीचं.

क्षितिजाताईच्या मांडवातून तू चौथ्यांदा पळालास. मी ओरडलो, "टमरेल आला, वाट सोडा!" सगळे हसून फुटले. मग मी संडासाला बाहेरून कडी घातली. तू आतून लाथा मारत होतास. "अल्प्या, उघड रे, पाया पडतो." मी मोबाईलवर शूट करत होतो.

दार बिजागरीसकट उखडलं. लाथा मारता मारताच तुझी पँट भरलेली. पिवळं कमी, लाल जास्त. ते लाल मी बघितलं, दादा. तरी हसलो.

नारळ सोलायची पहार तू उचललीस. पहिला दणका खांद्यावर, काडकन. दुसरा डोक्यात बसला असता, म्हणून तुझ्या पोटात लाथ घातली. तू पडलास. पडल्यावर आणखी एक घातली. ती कशाला घातली, मला अजून कळत नाय. तुझ्याखालची माती लाल झाली तेव्हा थांबलो.

हॉस्पिटलात डॉक्टरीण म्हणाली, मोठ्या आतड्याला सूज आहे, आत जखमा आधीच्याच, ही सूज घराण्यातून उतरू शकते. "आजोबा कशाने गेले?" तुझे पप्पा म्हणाले, "करणीने." तिने कपाळाला हात लावला. "आणखी कोणाला रक्त जातं? लवकर कळलं तर आतडं वाचतं."

माझा बाप, तुझा सख्खा काका, छाती काढून, "आमच्यात कोनाला काय नाय! हा अल्प्या बघा, दगड पचवतो."

सगळे माझ्याकडे वळले. मी ढेकर दिला. तिथेपण हसले रे.

व्हिडिओ डिलीट केला. कोणाला पाठवला नव्हता, आईशप्पथ.

टमरेल नाव मी का पाडलं, माहितीय? तू उठलास की सगळे तुझ्याकडे बघायचे. मग मी कधी उठतो, किती वेळा उठतो, कोण मोजतंय?

दिवाळीपासून लाल जातंय. आठ किलो उतरलो. बापाला वाटतं जिम लावली.

मंगळवारी तुला दाखवायला बोलावलंय, रीमा बोलली. मी हॉस्पिटलच्या गेटवर उभा राहीन. शिव्या घाल, दुसरं हाडपण मोड, पण मला आत घेऊन चल. नळी घालून बघतात म्हणे. एकट्याने नाय जमणार.

नाय आलास तरी मी तिथेच असेन.

तुझा,
धाकटा टमरेल