दोघांना आठवत नाही

४ मार्च

शाबासकी! आठ महिन्यांत पहिल्यांदा. वॉर्डातल्या सिस्टर रोज शिव्या घालायच्या — एक नोंद सेव्ह व्हायला चार-चार सेकंद. रुग्णांच्या नोंदी आमच्याकडे तीन सर्व्हरवर राहतात. प्रत्येकाने आधी डिस्कवर लिहायचं, मगच ‘मिळालं’ म्हणायचं. वेळ खातं ते हे लिहिणंच. काल मी ते थांबवलं. आता ऐकलं की लगेच ‘मिळालं’, लिहिणं सवडीने. एखादा बंद पडलाच तर बाकी दोघांना आठवेल की! साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. काय बदललं ते विचारलं नाही. मीही बोललो नाही.

११ मार्च

दुपारी वीज गेली-आली. दोन सर्व्हर बंद पडले, मिनिटभरात परत उभे. कुणाला कळलंही नाही.

१२ मार्च

नऊ नंबरच्या खाटेवरच्या आजोबांना काल संध्याकाळी जे इंजेक्शन दिलं, ते त्यांना चालत नाही. चेहरा सुजला, श्वास अडकला. व्हेंटिलेटरवर आहेत. दुपारच्या सिस्टर एकच सांगतायत — "मी काल दुपारीच ॲलर्जी लिहिली होती. ‘सेव्ह झालं’ असं आलेलं मी पाहिलं." साहेबांनी मला शोधायला लावलं. तिन्ही सर्व्हरवर नोंद नाही. तसं सांगितलं. माझी मात्र पाचावर धारण बसलीय.

१३ मार्च

सापडलं. देवा! डिस्कवर लिहायच्या आधीच वीज गेली, बंद पडलेले दोघे उठले ते विसरूनच. तिसऱ्याकडे नोंद होती! पण आमच्याकडे नियम बहुमताचा. दोघे म्हणाले असं काही नव्हतं, म्हणून तिसऱ्यानेही आपलं पुसून टाकलं. पुसल्याची एक ओळ तेवढी उरलीय. ती वाचता येणारा इथे मी एकटा.

१४ मार्च

डिस्कवर लिहिणं पुन्हा सुरू केलं. वॉर्डातून फोनवर फोन — परत का रखडतंय? काय सांगू त्यांना!

१५ मार्च

आजोबांची मुलगी जिन्यात बसली होती. मी मागे फिरलो, दुसऱ्या जिन्याने गेलो. लाज वाटते. उद्या सिस्टरची चौकशी आहे. उद्या सगळं सांगणार. नोकरी गेली तर जाऊ दे.

१६ मार्च

साहेब म्हणाले, तीन ठिकाणी नाही म्हणजे नाही.  सिस्टर माझ्याकडे वळल्या.

"मला नुसतं पाहिल्यासारखं वाटलं असेल का हो?"

"होतं असं कधीकधी, सिस्टर," मी म्हणालो.