सुरुपसिंगकाका उठले नाहीत

३ नोव्हेंबर, सोमवार

विषय क्रमांक नऊ — काठी गावचं मुलींचं वसतिगृह बंद करणे. माझ्याच हातांनी टाइप केलं. विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेच्या कक्षात नोकरी म्हणजे हेच — सभा बोलवायची, विषय लावायचे, मागच्या खुर्चीवर बसून लिहून घ्यायचं. बोलायचं मात्र नाही.

टाइप करता करता कुठे हरवले कोण जाणे. वसतिगृहाची मागची पायरी, ओले केस, खाली दरीत धुकं, आतून कुणीतरी जेवायला हाक मारतंय... तिथेच राहून मी बी.ए. झाले. ते बंद झालं तर पोरी सरळ गुजरातेत ऊसतोडीला जातील.

घरमालकीण जमनाबाईंनी ताट पुढे सरकवलं. "ध्यान कोठे शे व तुन्हं?" काय सांगू त्यांना.

५ नोव्हेंबर

सुरुपसिंगकाकांना फोन केला. आमच्या काठीकडचे, यंदाच परिषदेवर नेमलेले. "काका, नऊ नंबरला बोला हं."

"मला पटलेलं नाही, ते बसल्या बसल्या कळेलच त्यांना."

आमच्या पाड्यावर पंच बसतात तेव्हा वडीलधारा गप्प राहिला की समजायचं, त्याला मान्य नाही. तो बोलेपर्यंत कुणी उठत नाही, मग दिवस का मावळेना. इथे उलटं — गप्प बसला तो राजी. पुन्हा पुन्हा समजावलं. "हो हो" म्हणाले. गळी उतरलेलं दिसत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

कुलगुरूंनी विचारलं, "नऊ नंबर. कुणाची हरकत?" काका गप्प. "मंजूर." झालं! पुढचे विषयही भराभर उरकले. फक्त आभार राहिले, तेवढ्यात सगळे जेवायला गेले.

काका बसूनच. हात मांडीवर, नजर समोर. मी फाइली आवरायच्या सोडून त्यांच्याकडे बघत राहिले. पंखा फिरत होता. पडद्याच्या फटीतून ऊन टेबलावर आलं होतं. वाटलं, हे सभागृह नाहीच — पाड्यावर मोहाच्या झाडाखाली पंचांत बसलोय आम्ही, आणि कुणाला कसलीही घाई नाही. किती वेळ गेला, कळलंच नाही.

कुलसचिव हेमकांत सर दारातून म्हणाले, "रिना मॅडम, आवरा. आभार मानून मोकळे होऊ."

"सर, नऊ नंबर अजून झालेला नाही. काकांना मान्य नाही, म्हणून ते उठलेले नाहीत."

मीच बोलले हे! त्या सभागृहात पहिल्यांदाच. सर लालबुंद. "तुम्हाला कुणी विचारलं?"

मागून कुलगुरू आले, हात पुसत. काकांकडे बघितलं, खुर्ची ओढली आणि बसले. मग बाकीचेही एकेक करून बसले. चहा आला, गार झाला. ऊन टेबलावरून भिंतीवर गेलं.

शेवटी काका म्हणाले, "पोरी कुठे जातील, तेवढं सांगा."

कुलगुरूंनी पेन काढलं आणि नऊ नंबरपुढचं 'मंजूर' खोडलं. वसतिगृह राहिलं.

८ नोव्हेंबर

पाय अजून जमिनीला लागत नाहीत. हेमकांत सर समोरून गेले, नमस्कारही घेतला नाही. भीती वाटते.

१४ नोव्हेंबर

माझी बदली झाली. सरांनीच आदेश हातात दिला. "आता बसा डोंगरात." कक्षातले सगळे हळहळले. आदेशात लिहिलं होतं — अधीक्षिका, मुलींचं वसतिगृह, काठी. मी मान खाली घालून उभी होते — हसू दिसू नये म्हणून.