मामांचं नाक

खोईक, ६ मार्च १९९४

चि. ग्रीत हिस फिर्मिनमामाचे अनेक आशीर्वाद.

तू आर्देनहून पाठवलेली बिअरची बाटली पोचली. तू आणि जावईबापू योहान दर रविवारी सायकली हाणत गावोगावच्या बिअर हुडकता, त्यातही म्हाताऱ्या मामाची आठवण ठेवता, याचं फार बरं वाटलं. काल उघडली. पिकल्या सफरचंदांचा काय सुरेख वास. तुमच्या बिअरच्या वहीत माझ्या नावावर दहापैकी नऊ लिही.

आमच्याकडे एक, दोन आणि तीन वर्षं मुरलेल्या आंबट लॅम्बिक बिअरची पिंपं तयार आहेत. तिन्हींचं मिश्रण करून बाटल्या भरायच्या १६ एप्रिलच्या शनिवारी. तुझी मामी गेल्यापासून घरात तेवढाच एक सण उरला आहे. लोभ आहे, तो असाच राहू दे.

तुझा, फिर्मिनमामा

गेंट, १३ मार्च

ती. स्व. मामांस ग्रीतचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग काळजीत पडले. त्याच पेटीतली दुसरी बाटली आम्ही बुधवारी उघडली. नेलपॉलिशचा असा भपकारा आला की योहानने ती बेसिनमध्ये ओतून खिडक्या उघडल्या. माझ्या लग्नात पाद्रीबाबांनी दिलेला पेला नुसता हुंगून परत करणारे तुम्ही. त्यावरून आई दोन वर्षं तुमच्याशी धड बोलत नव्हती. तो माणूस या घाणीला नऊ गुण देतो?

जानेवारीतल्या तापापासून तुम्हाला वास येत नाही, असं मला वाटतं. चुकत असेन तर कान उपटा. नसेन तर लपवू नका.

तुमची, ग्रीत

खोईक, २० मार्च

चि. ग्रीत, आशीर्वाद.

चुकली नाहीस. ताप उतरला तो नाक घेऊनच. कॉफी, लसूण, कोंबड्यांचं खुराडं, मला सगळं एकच. परत येईल याची डॉक्टर खात्री देत नाहीत. तुला थाप मारली याची लाज वाटते.

मिश्रण चुकलं तर तीन वर्षांची मेहनत मातीत, आणि तेही कळणार वर्षभराने, बाटल्या उघडल्यावर. शेजारचा अखील पिंपं मागतोच आहे. देऊन टाकतो. तीस वर्षं हौस केली, पुष्कळ झालं. तू वाईट वाटून घेऊ नकोस.

फिर्मिनमामा

गेंट, २० एप्रिल

ती. स्व. मामांस सा. न. वि. वि.

शनिवारी, पिंपं अखीलकडे जायच्या आत, न विचारता येऊन थडकले, तरी दारातून परत पाठवलं नाहीत, हे उपकारच. छान म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही, कशासारखा वास येतो तेवढंच सांग, असा तुमचा दंडक. चौथं पिंप आईच्या शिवणाच्या डब्यासारखं म्हटलं, तर तुम्ही मला पुन्हा शिडीवर चढवलंत. नीट हुंगल्यावर ध्यानात आलं की त्या गंजक्या टाचण्या आहेत, आणि तुम्ही ते पिंपच बाजूला काढलंत. सातव्याला घोड्याच्या ओल्या घोंगडीचा वास म्हटल्यावर मात्र, मुरलेल्या लॅम्बिकची हीच खूण म्हणून खूश झालात. मिश्रणात ते जरा जास्तच घे म्हणालात, आणि मी जास्तीपेक्षाही जास्त घेतलं.

चार वर्षं आम्ही वहीत नुसते गुण दिले. हुंगायला तुम्ही शिकवलंत. पण वर्षाने बाटल्या बिघडलेल्या निघाल्या तर मामाला मी बुडवलं, ही धाकधूक जात नाही.

तुमची, ग्रीत

खोईक, ४ जून १९९५

चि. ग्रीत हिस उदंड आशीर्वाद.

पहिली बाटली आज दुपारी उघडली. अखीलला मुद्दाम बोलावलं, कारण खोड काढल्याशिवाय तो पाणीसुद्धा पीत नाही. एक घोट घेतला, पेला उजेडाकडे धरला. मग म्हणाला, हा तुझा हात नाही, एवढी घोंगडी मिश्रणात घालायची तुझी छाती झाली नसती. खरंच आहे ते. मी त्याला सगळं सांगितलं, नाकाचंही. गावात पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि दुसऱ्या पेल्यासाठी हात पुढे केला.

माझ्या जिभेला आंबटपणा आणि बुडबुडे, एवढंच कळतं. म्हणून त्याला विचारलं, वास कशाचा येतो ते सांग. एरवी नावं ठेवण्यापलीकडे सलग तीन शब्द न बोलणारा हा माणूस पेला नाकाशी धरून दिवस मावळेपर्यंत मला सांगत बसला. तुझे आभार कसे मानू, पोरी? मला वास आला नाही, पण आज काही कमी पडलं नाही.

तुझा, फिर्मिनमामा