वळवळ्यांचा आवाज

४ जून, बुधवार
आज अकरा वेळा मेलो. दादरच्या स्टुडिओत, माइकसमोर उभ्याउभ्या. परग्रहावरच्या युद्धाची मालिका मराठीत येतेय, त्यातल्या शत्रूंचे सगळे आवाज माझ्या गळ्यात मारलेत. सैनिक त्यांना ‘वळवळे’ म्हणतात. वळवळ्यांना संवाद नाहीत, गुरगुरायचं आणि मरायचं. दिग्दर्शिका रिया हेडफोनमधून ओरडली, “काका, जास्तच माणूस वाटतोय हो! जनावर द्या ना!” मग दिलं.
“आयला, एकदम ओरिजिनल! कुठे शिकलात?”
सांगितलं नाही. नायगावला परत, वरण-भात. बायको, सुमन, गेल्याला चार वर्षं झाली. कुकर बोलतो तेवढंच घरात बोलणं.

५ जून, गुरुवार
कुठे शिकलो ते इथे लिहितो, इथे कोण वाचतंय.
ब्याऐंशीच्या गिरणी संपात. मी बाविशीचा, पथनाट्यवाला. थोरला भाऊ, दादा, संपाच्या नवव्या महिन्यात गिरणीत कामावर गेला. घरात पोरं उपाशी. कामावर जाणाऱ्यांना आम्ही ‘कुत्रे’ म्हणायचो. लालबागला दादाच्याच चाळीच्या चौकात नाटक लावलं आणि मी दादा झालो. गळ्यात सुंभ, हातापायांवर, मालकाचे बूट चाटतोय. दादाची खोकायची लकब उचलली आणि भुंकलो. अख्खी चाळ लोटपोट. गॅलरीत त्याची शोभा, सहा वर्षांची, तीही हसली. मग थांबली.
तेव्हापासून दादा माझ्याशी बोललेला नाही. सुमनला पोचवायला आला होता. मागे उभा राहिला, निघून गेला.
आणि मी हा किस्सा नाटकाच्या ग्रुपमध्ये वर्षानुवर्षं कौतुकानं सांगितला. काय पण भुंकलो होतो म्हणून!

९ जून, सोमवार
आजचा भाग. एक सैनिक वळवळ्यांच्या बिळात शिरतो. ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं असतं, यांना दुखत नाही, घर नसतं. आत एका दगडावर जेवण झाकून ठेवलेलं. तो वायरलेसवर म्हणतो, “सर, हे कुणाची तरी वाट बघतायत.” वरून उत्तर, “वळवळे वाट बघत नाहीत. जाळून टाक.”
जळणाऱ्याचा आवाज माझा.
निघेना. तीनदा घेतलं, तीनदा वाया गेलं. मालिका लिहिणारा कोण कुठला, पण दादाचं घर त्यानं बघितल्यासारखं वाटलं. पगार झाला की वहिनी माझंही ताट झाकून ठेवायच्या. संपात, नाटक होईपर्यंत. दादाच्या त्याच पगारातलं. मला ठाऊक होतं, तरी जेवायचो. नाटकाच्या आदल्या दिवशीसुद्धा.
रियानं पाणी आणून दिलं. “काका, ते नेहमीचं भुंकल्यासारखं द्या ना. बसतंय छान.”
“तेच नाही जमणार.”
“मग शुक्रवारी बघू. पण तेव्हा नाही झालं तर दुसरा आवाज घ्यावा लागेल हां.”
बिचारी वाईट वागली नाही. घसा बसलाय असं मीच खोटं सांगितलं. खरं म्हणजे लाज वाटली. इतक्या वर्षांनी, आणि एसी खोलीत.

११ जून, बुधवार
दिवसभर कुणाशी बोललो नाही. दूधवाल्यालाही मान हलवली. दादा आता चौऱ्याहत्तरचा. मी माफी मागायची म्हणतो आणि आरशासमोर उभा राहून तालीम करतो! दोनदा गळा भरून आणला, दोन्ही वेळा खोटा वाटला. नटाची जात.
उद्या जायचंच.

१२ जून, गुरुवार
गेलो. चाळ पाडून टॉवर झालाय, दादा आठव्या मजल्यावर. दार त्यानंच उघडलं. केस पार गेलेत, खोकला तोच. घोकलेलं सगळं विसरलो. आमच्या घरच्या मालवणीत म्हणाला, “आता कोणाचो आवाज काढूक इलंस?”
“चुकलो” हा एक शब्द होता, तोही फुटेना.
आतून शोभा, “कोण आहे, बाबा?”
“कोण नाय.”
एवढं बोलून तो खुर्चीत जाऊन बसला. दार मात्र लावलं नाही. माझ्याकडे पाठ.
मी चपला काढल्या. परत घातल्या. लिफ्ट न घेता आठ मजले उतरलो. खाली वॉचमननं विचारलं, भेटले का? हो म्हटलं.
दार लावायला विसरला असेल, की मुद्दाम उघडं ठेवलं असेल?