रोज दोन पाव

१२ जानेवारी, नागाव

डॉक्टरीणबाईंनी सांगून चार दिवस झाले — काय खाल्लं, काय झालं, रोज लिहून ठेव. वही घेतली तर पेन हरवलं. पेन सापडलं तर वहीवर मांजर झोपलेली. खोटं कशाला बोलू? घाबरून लिहीत नव्हतो.

तर — ट्रकवर क्लीनर होतो तेव्हा ढाब्याच्या रोट्या खाऊन जुलाब, पोट फुगलेलं, एकेचाळीस किलोवर आलो होतो. मग इथे विनितावहिनीच्या होमस्टेवर राहिलो, किनाऱ्यावर काम धरलं. दोन वर्षं तांदळाची भाकरी नि भात. माणसात आलो! आता अलिबागच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, गव्हाचाच आजार वाटतोय, पण तपासायचा तर आधी सहा आठवडे गहू खायचा. रोज दोन पाव, त्याच दिवसापासून चालू केलेत. न खाता रक्त दिलं तर आजार लपून बसतो. "आणि नक्की कळलं नाही तर तू कुठेतरी पुन्हा खाणार. आतडं झिजत जाईल."

ओळखलं बाईंनी मला.

रक्त वीस फेब्रुवारीला.

१३ जानेवारी

दोन पाव. पोटाचा ढोल.

१७ जानेवारी

वहिनी हसते — "मुंबईचे पाहुणे बिनगव्हाचं मागतात, नि आमचा गणराज औषध म्हणून पाव खातो!" पण समोर बसून दोन्ही संपवायला लावते.

आज बनाना राईडवर एका काकांची कवळी समुद्रात पडली. अख्खी फॅमिली गुडघाभर पाण्यात वाकून शोधतेय! मीपण शोधली. नाही मिळाली. काय लिहीत होतो — हां. तीनदा संडास.

२४ जानेवारी

लाइफ जॅकेट बांधताना अंगात त्राण नव्हतं. एका मुलीची क्लिप लागलीच नव्हती. बोटवाल्या हितेशने बघितलं म्हणून! "झोपलायस काय रे? पोरगी गेली असती ना!" दिवसभर तेच डोळ्यांसमोर.

लहानपणी पोट दुखलं की आई माणगावच्या बाजारातून बेकरीचे कडक बटर आणायची. पेज तर रोजचीच, आजाऱ्याला काहीतरी चांगलं नको? चहात बुडवून भरवायची — "खा रं, ताकद येईल." मला अजून दुखायचं, ती अजून एक बुडवायची. आई गेली तेव्हा मी ट्रकवर, राजस्थानात. तिला हे कधी कळलं नाही. बरं झालं.

२९ जानेवारी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्ताच्या नात्यात असतं हे, घरी विचार. चार वर्षांनी बाबांना फोन लावला. सगळं सांगितलं, कुठे राहतो तेसुद्धा. "तुझी पोटाची नाटकं शाळेपासून बघतोय. भाताची लावणी आली की पोट! काम नको, दुसरं काय न्हाय."

मी फोन ठेवला.

४ फेब्रुवारी

वजन एकोणपन्नास. सुरुवातीला चोपन्न होतं. आरशात तोच ट्रकवरचा पोरगा. पुन्हा एकेचाळीसवर गेलो तर? आणि यावेळी परत वर आलोच नाही तर?

५ फेब्रुवारी

आज दोन्ही पाव कुत्र्याला घातले. वहिनीला सांगितलं, खाल्ले. तिने पाठीवर थाप मारली — "शाब्बास!" मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बॅग भरली. उद्या सकाळी दिघीला जातो. तिथे ओळखीचा चंदर जेटीवर काम बघेल. भात आहे, मासे आहेत, कुणी काही विचारणार नाही. पंधराच दिवस राहिलेत, माहितीये. नाही जमत! झिजलं आतडं तर झिजलं.

६ फेब्रुवारी

बॅग खांद्याला लावून फाटकाशी आलो — तर रिक्षातून बाबा उतरले! पहाटेची एसटी धरून आलेत. शर्ट नुसता हँगरला टांगल्यासारखा. चार वर्षांत निम्मे झालेत.

पाया पडायला वाकलो तर दंडाला धरून बाजूला घेतलं. वहिनी ऐकेल म्हणून हळू आवाजात — "कारखान्याच्या कॅन्टीनला चपाती खायला लागलो, तवापासनं हेच हाय मला. वीस वर्षं. बाप्या माणसानं पोटाचं रडगाणं कुणाला सांगायचं? तुझ्या आयलाबी कळू दिलं न्हाय."

मग माझ्या बॅगेकडे बघितलं.

"तुझं रक्त कधी हाय? तवर मी हितंच थांबतो."

वीस तारीख, म्हणालो.