बाबांच्या खोलीतला रेडिएटर

१५ नोव्हेंबर, शनिवार
बाबांच्या खोलीतला रेडिएटर परत वरून गार, खालून गरम. म्हणजे हवा अडकली. गेल्याच आठवड्यात मी स्वतः काढली होती. हवा काढायची किल्ली फिरवली, फुस्स झालं, पाणी आलं, बंद केलं. सिस्टिम सीलबंद असते म्हणतात ना? मग हवा शिरते कुठून? घर विकून गेलेल्या त्या गोडबोल्या बाईचा मला पहिल्यापासून संशय आहे. 'लव्हली वॉर्म हाउस' म्हणे!

नागपूरहून दादाचा फोन. आई गेल्यावर बाबांचा हा पहिला हिवाळा, तो इंग्लंडात, मेडनहेडच्या थंडीत कशाला, हे त्याचं पालुपद. मार्चचं तिकीट अलीकडे आण म्हणतो. आणि मग? दादा राहतो वेगळा. बाबा त्यांच्या फ्लॅटमध्ये एकटे बसणार. मी ठोकून दिलं, घर मस्त गरम आहे. बाबा शेजारीच, स्वेटरवर स्वेटर घालून. 

१९ नोव्हें., बुध.
आज रेडिएटरांना गरम पाणी पुरवणारा बॉयलरच बंद. प्रेशरचा काटा पार खाली, लाल पट्ट्यात. नळ उघडून सिस्टिममध्ये पाणी भरलं, काटा वर, बॉयलर सुरू. संध्याकाळी परत खाली. कार्पेट चाचपलं, जिन्याखाली टॉर्च मारला, बाहेरच्या पाइपखाली वाटी ठेवली. सगळं ठणठणीत कोरडं. मग पाणी जातं कुठे?

समीर म्हणतो, "जुनं घर आहे, होतं असं." माझा नवरा इतका शांत? पार्किंगच्या दंडावरून आठवडाभर धुमसणारा माणूस हा. बाबांना दिलेली खोली म्हणजे त्याची ऑफिसची खोली. हल्ली डायनिंग टेबलवर लॅपटॉप घेऊन बसतो. बाबा लवकर गेले तर कोणाची सोय... जाऊ दे. पण लिहून ठेवते.

२२ नोव्हें., शनि.
हीटिंगवाला टॉनी आला. बाबांचा रेडिएटर काढून बागेत ओतला. शी! काळंकुट्ट पाणी, तळाशी चिखल. होजने धुऊन परत बसवला. म्हणाला, "यू आर लूझिंग वॉटर समव्हेअर, लव्ह." वर हेही, की रोज ताजं पाणी भरून तुम्हीच आत गंज वाढवताय, आणि गंजला की आत गॅस धरतो. म्हणजे मीच! चोर सोडून संन्याशाला फाशी.

जाताना विचारलं, घरात कोणी रोज हवा काढतं का? मी ठणकावून सांगितलं, नाही. बाबा दारातच उभे होते. त्याला चहा विचारत होते.

२४ नोव्हें., सोम.
धुण्यात बाबांचे रुमाल. तपकिरी-काळे डाग.  रक्त? सकाळी खोकतात खरे.
"बाबा, खोकल्यातून काही पडतं का?"
"छे ग." नजर चुकवली. चुकवलीच.
जीपीच्या, म्हणजे इथल्या डॉक्टरच्या, फोनच्या रांगेत बसून राहिले, नंबर लागला नाही. दादाला कळवलं नाही. उद्याच तिकीट काढेल तो.

२५ नोव्हें., मंगळ.
रुमालाचा वास घेतला. लोखंडाचा. पण तसा तर रक्तालाही येतो. म्हणून जुन्या फडक्याने रेडिएटरचा हवा काढायचा स्क्रू पुसून पाहिला. तोच डाग, तोच रंग.  देवाशपथ, आधी हायसं वाटलं. मग जो राग आला!

२६ नोव्हें., बुध.
ऑफिसला जाते म्हणून दार वाजवून बंद केलं आणि आतच कोटांमागे उभी राहिले. स्वतःच्या घरात चोरासारखी. समीर त्याच्या ऑफिसला कधीच गेला होता.

आंघोळ उरकून बाबा निघाले. हातात किल्ली, दुसऱ्या हातात रुमाल. त्यांची खोली, आमची, मग हॉल. देवांना फुलं वाहावीत तसे क्रमाने. फुस्स... पाणी... पुढचा. काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालत होते.

"बाबा!"
दचकले. "अगं, हवा अडकते न. आपल्या सोसायटीची मोटर नाही का एअर धरायची? रोज नट सैल करून हवा काढल्याशिवाय पाणी चढायचंच नाही. तुझी आई वरून ओरडायची, आलं, आलं!"

काय रागावणार? बसवून समजावलं. इथे तेच पाणी फिरत असतं. हवेसोबत थोडं पाणी जातं, प्रेशर पडतं, बॉयलर बंद. गणिताचे मास्तर, चटकन कळलं. "म्हणजे घर गार मीच करून राहिलो होतो होय!" खूप हसलो दोघं. किल्ली माझ्या कपाटात.

३० नोव्हें., रवि.
घर भट्टीसारखं. समीर बनियनवर हिंडतोय. त्याच्यावर उगाच संशय घेतला बिचाऱ्यावर. प्रायश्चित्त म्हणून पाटवडी रस्सा केला. दादाला फोटो पाठवला. बाबा मात्र दोन घास खाऊन उठले, आणि पाटवडी त्यांच्या जिवाची.

४ डिसें., गुरु.
काटा खाली.
कपाट उघडलं, किल्ली जागेवर. मग बाबांचा रेडिएटर पाहिला. पितळी स्क्रूवर ताजे ओरखडे. समीरचा स्क्रूड्रायव्हर त्यांच्या उशाखाली.

 विसरायला लागले का? चहा देताना सहज विचारलं, "बाबा, सारखी हवा काढली तर काय होतं?" सगळं बिनचूक सांगितलं, बॉयलर बंद पडेपर्यंत. म्हणजे विसरले नाहीत. विसरले असते तर बरं, असं क्षणभर वाटून गेलं. काय मेली मी!

७ डिसें., रवि.
समीर बाजारात गेला. विचारलंच.
"मुद्दाम करता ना?"
कप फिरवत राहिले नुसते. मग: "तुला नाही म्हणता येत नाही मला, मुग्धे. एवढ्या हौसेने आणलंस. म्हटलं, थंडी सोसत नाही म्हणावं अन् जावं."
"इथे काय कमी आहे?" माझा आवाज चढला.
"कमी काहीच नाही. तिथं मी तुझ्या आईशी बोलतो. मोठ्याने. दिवसभर. इथे बहुतेक दिवस कोणी ना कोणी घरात असतं."
मी भांडी घासायला उठले. घासलेलीच परत घासली. मी माझ्यासाठीच तर आणलं नाही ना त्यांना? आई गेली तेव्हा मी विमानात होते.

८ डिसें., सोम.
घरून काम करायचा दिवस, तरी ऑफिसला निघाले. समीरला म्हटलं, आज तू लायब्ररीत बस. का, ते सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही.

दार ओढून फाटकापर्यंत गेले, डबा राहिला म्हणून परत फिरले. आतून बाबांचा आवाज. मोठ्याने, हसून, मुग्धी असं, मुग्धी तसं. आईकडे माझी तक्रार चालली होती.

डबा न घेताच गेले. तिकिटाचं काय, म्हणून दादाचा मेसेज आलाय. अजून उत्तर दिलेलं नाही.