बाबांना न उघडणारा डबा

प्रिय बारक्या,

तुझं पार्सल मिळालं. तळहाताहून थोडा मोठा मदरबोर्ड, एवढ्याशा पाकिटातला प्रोसेसर, त्यावर बसवायचा बुटका पंखा, मेमरीची पट्टी आणि आपल्या घरातल्या सगळ्या जुन्या टेपा जिच्यात भरल्यास ती डिस्क. काही फुटलं नाही. ज्या बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये तू ते गुंडाळलं होतंस त्याचे बुडबुडे फोडत बाबांनी अख्खी दुपार काढली, म्हणजे पार्सलचा तेवढा उपयोग तर लगेचच झाला. सोबतची तुझी सूचना वाचून मात्र हसू आलं. हे सगळं बसवायचं कॅबिनेट तेवढं तिकडून पाठवत नाही, लोखंड जड पडतं, तूच तिथे बघ, फक्त लहान घे. उंटावरून शेळ्या हाकायची तुझी सवय काही जाणार नाही. पण तुझ्या मनात काय होतं ते मला माहीत आहे, उगीच कशाला चिडवू. मी कामावर असताना बाबांनी टीव्हीसमोर बसावं, हातात एकच बटण असावं, ते दाबलं की आपलं लहानपण आणि आई पडद्यावर दिसावी, म्हणजे त्यांना दुसरीकडे कुठे ठेवायची वेळ येणार नाही. दर रविवारी फोनवर तू हेच सांगतोस, बाबा घरातच राहतील. मलाही तेच हवं होतं.

लॅपटॉपचं काय झालं ते तुला अर्धवटच सांगितलं होतं. तू दिलेला जुना लॅपटॉप मी टीव्हीला जोडला आणि त्यात तू भरून दिलेली आईची टेप लावली. बागेतली, जिच्यात ती कॅमेऱ्याकडे बघून बराच वेळ काहीतरी सांगते. तिला आवाज नाही हे तुला माहीत आहे. कॅमेऱ्याचा माइक तेव्हाच बिघडला होता आणि बाबा उद्या बघतो, उद्या बघतो म्हणत राहिले. गावभरचे टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाला घरचा माइक बघायला सवड झाली नाही, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आता ते विसरलेत की माइक बिघडला होता. आई गेली हेही रोज आठवतं असं नाही. त्यांना एवढंच दिसतं की बाई बोलतेय आणि आवाज येत नाही, म्हणजे सेटमध्ये बिघाड आहे. मी कामावरून आले तेव्हा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उताणा पडला होता. लोणी लावायच्या सुरीने त्यांनी तो उघडला होता. सगळे सुटे भाग मात्र आकारानुसार ओळीने मांडलेले, दुकानात मांडायचे तसेच. मला म्हणाले, स्पीकरची तार सापडत नाही, तोवर हिला थांबायला सांग.

म्हणून मग तुझी ती कल्पना, वेगळा छोटा डबा करू, तो फळीवर राहील, त्यांच्या हाती फक्त रिमोट. आणि म्हणून हा कॅबिनेटचा शोध. संगणकाच्या दुकानातल्या मुलीने मला आधी काचेची, आतून रंगीत दिवे लागणारी दाखवली. मी म्हटलं, बाई गं, आमच्या घरात जे चमकतं ते उघडलं जातं. मग तिने साधी काढली. तीन पसंत पडली. एक आडवं, चपटं, टीव्हीखाली मावेल असं. एक चौकोनी, वर उचलायची मूठ असलेलं, ते मला सगळ्यात गोंडस वाटलं. आणि एक उभं, जाडजूड पत्र्याचं, पुस्तकाच्या मापाचं, दिसायला विजेच्या मीटरच्या पेटीचं भावंड. घेऊन घरी न्यायचं आणि पटलं नाही तर परत आणायचं, असं ते दुकान करू देत नाही. पण कपड्यांच्या कारखान्यात इतकी वर्षं नमुने कापते ती काय उगीच? कापडाला कात्री लावायच्या आधी आम्ही कागद कापतो. तिन्हींची मापं घेऊन मी घरी पुठ्ठ्याची तीन कॅबिनेटं केली, राखाडी रंग दिला, पेनाने बटणं काढली, मागची जाळीसुद्धा सुईने टोचून केली. एकेक करून फळीवर ठेवायचं आणि बाबा त्याचं काय करतात ते बघायचं, असं ठरवलं. कारखान्यातल्या बायका म्हणाल्या, तुझ्या बाबांना फसवणं सोपं नाही. मला तेव्हा गंमत वाटत होती, खोटं कशाला बोलू.

आडवं पहिलं. बाबांनी त्याला ओळखलं ते कॅसेटचं यंत्र म्हणून. दिवसभर त्यांच्यासोबत बसतात त्या शेजारच्या काकूंनी सांगितलं की ते त्याच्या समोरच्या फटीत कॅसेट घालत होते. संध्याकाळी मी पुठ्ठा उलगडला तर आत त्यांचा चष्मा, पावाचा तुकडा, माझी कात्री आणि तुझा शाळेतला फोटो. खऱ्या डब्याच्या फटीतून हे आत गेलं असतं आणि आत वीज असती तर काय, हा विचार करून मी ते माप बाद केलं. फोटो कडेला थोडा दुमडलाय, बाकी ठीक आहे.

मग ते मूठवालं ठेवलं. इथे मी चुकले, आणि चूक अशी की दुसऱ्या कोणाच्या घरी झालीच नसती. मूठ असलेला राखाडी डबा म्हणजे बाबांच्या लेखी एकच गोष्ट, दुरुस्त होऊन तयार झालेला, गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायचा सेट. आपल्या लहानपणी ते असे किती सेट हातात धरून निघायचे आठवतं ना? रिकाम्या पुठ्ठ्याचं वजन त्यांना जाणवलं नाही, किंवा जाणवलं तरी काही वाटलं नाही. काकू स्वयंपाकघरात चहा ठेवायला गेल्या तेवढ्यात ते डबा उचलून बाहेर पडले. मोठा रस्ता ओलांडला. कसा ओलांडला ते कोणालाच माहीत नाही आणि मी त्याचा विचार करायचं टाळते. ते गेले आपल्या जुन्या दुकानाच्या जागी. तिथे आता औषधांचं दुकान आहे. गल्ल्यापुढे डबा ठेवून ते औषधवाल्याला सांगत राहिले की सेट झाला, पण याचा मालक कुठे गेला, पत्ता सापडत नाही. माणूस भला. त्याने पुठ्ठ्याचा डबा दोन्ही हातांनी घेतला, बघून ठेवतो म्हणाला, बाबांना खुर्ची दिली आणि त्यांच्या कॉलरच्या आत मी शिवलेली पट्टी शोधून त्यावरच्या नंबरवर मला फोन केला. मी पोचले तेव्हा त्यांच्या एका पायात चप्पल नव्हती आणि अंगठ्यातून रक्त येत होतं. त्यांना त्याचं काही नव्हतं. मला ओळखलं नाही, पण बघून उठून उभे राहिले आणि उशीर झाल्याबद्दल माफी मागितली. पहिल्यांदा मला हसूच आलं, मग त्या दुकानाच्या पायरीवर बसावं लागलं. औषधवाल्याने मलाही पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या, पण चहा न घेता उभ्या उभ्याच म्हणाल्या, माझं वय बघ, त्यांना काही झालं तर मी तुला तोंड कसं दाखवू. त्या बरोबर बोलल्या. कारखान्यात मी रजा मागितली तर मुकादमीणबाईंनी माझ्याकडे न बघता मान हलवली, ती होकाराची नव्हती. काही दिवस बाहेरून कुलूप लावून गेले. तेही तुला सांगून टाकते. परत आले तेव्हा दाराच्या आतल्या बाजूने कुलपाचे स्क्रू निघाले होते आणि बाबा जमिनीवर बसून, कपाळावर घाम, पाचवा का सुटत नाही म्हणून स्वतःवरच चिडले होते. त्यांना बाहेर जायचं नव्हतं रे. कुलूप बिघडलंय असं वाटलं, एवढंच.

तर कॅबिनेट तिसरं घेतलं. जाड पत्र्याचं, उभं, मागून भिंतीला चार जागी बसतं. समोर फट नाही, मूठ नाही, कोपरे गोल. वारा आत-बाहेर जायची जाळी खालच्या अंगाला, बोट जाणार नाही इतकी बारीक. तुझा बुटका पंखा आत जेमतेम बसला, झाकणात आणि त्यात कागद सरकेल एवढीच फट. वीज बाहेरच्या अडॅप्टरने येते, तो उंचावर पेटीत. झाकणाचे स्क्रू दुकानातल्या त्या मुलीने निराळे लावून दिले, चांदणीच्या आकाराची खाच आणि मध्ये खिळा, त्यांचा पेचकस साध्या दुकानात मिळत नाही. फळीचं माप मी आधी तुला कळवलं होतं त्याहून बरंच लहान झालं आहे, म्हणून चपटं घेतलं असतं तरी मावलं नसतं. त्याचं सांगते पुढे.

घरी आणून टेबलावर चालू करून बघितलं. चित्र लख्ख येतं. आवाज नावालाही नाही, तू पंखा छान निवडलास. बाबा आले, त्यांनी नेहमीसारखा पालथा हात डब्यावर ठेवला, ऊब बघितली आणि मान डोलावली. मग नखाने कडेकडेने स्क्रू शोधू लागले. सगळ्या बाजू बघितल्या. एक स्क्रू सापडला, त्यावर नख फिरवलं, सुरीचं टोक लावून बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. पडद्यावर आई बोलत होती. शेवटी ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, कंपनीनेच हे असं बंद करून पाठवलंय, हे दुरुस्त करायचं नाही, बिघडलं की टाकून द्यायचं. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मला जे हवं होतं ते अगदी तसंच झालं होतं बारक्या, आणि मला फार वाईट वाटलं.

एवढं सगळं डब्याबद्दल लिहिलं, ताकाला जाऊन भांडं लपवलं. रविवारी तू घरी फोन करशील तेव्हा बाबा इथे नसतील. गुरुवारी मी त्यांना वृद्धाश्रमात पोचवलं, आणि जिच्यासाठी हा डबा निवडला ती फळी तिथल्या खोलीतली आहे. फोनवर सांगितलं असतं तर तू नको म्हणाला असतास आणि मी ऐकलं असतं, म्हणून सगळं झाल्यावर लिहितेय. रागाव हवं तर, पण माझ्यावर, त्या लोकांवर नको, चांगले आहेत. तिथल्या माणसाने भिंतीला भोकं पाडून डबा बसवला, बाबा खाली उभे राहून बघत होते. मी पिशवीतले कपडे कपाटात लावले, पांघरूण झटकलं, आणखी काही करायला उरलं नाही तरी तिथेच घुटमळत होते. त्यांना ती खोली आपलं दुकान वाटली आणि मी गिऱ्हाईक. अगदी मायेने म्हणाले, तुम्ही काळजी करू नका बाई, ठेवून जा, आमच्याकडे ठेवलेली वस्तू हरवत नाही. मी ठेवून आले. तिथल्या कचेरीचा नंबर कागदाच्या मागे लिहिलाय, दुपारच्या जेवणानंतर ते फोन हातात देतात. त्यांना बरं वाटतंय का, घरची आठवण येते का, असलं काही विचारू नकोस, ते गोंधळतात. मुलगा बोलतोय असंही लगेच सांगू नकोस. आमचा सेट कधी होईल एवढंच विचार, मग ते तुझ्याशी बराच वेळ बोलतील.

तुझीच,
ताई